लाल ठिपक्याचा वाडगा

त्साय अहानला कशाची किळस येत नसे हे सांगणं सोपं आहे. स्वतःची. बाकी सगळ्याची येत असे.

हायबुए हे कालवांचं गाव. गडी माणसं उथळ समुद्रातल्या बांबूच्या मांडवांवरून कालवं ओढून आणतात आणि बायका घरापुढच्या पत्र्याखाली बसून ती फोडतात. जिकडे बघाल तिकडे शिंपांचे ढीग, त्यावर माश्या, आणि तो वास. असल्या गावात सोवळं पाळायचं म्हणजे चिखलात बसून पाय धुण्यासारखं. पण अहान लग्न होऊन आली त्या दिवसापासून ते पाळत होती. जेवणाच्या काड्या ती रोज उकळायची. दुसऱ्याची काडी लागलेल्या भाजीला शिवायची नाही. लग्नाच्या पंगतीत दहा माणसं एका टेबलाशी बसून एकाच माशावर तुटून पडत, तेव्हा ही बया घरून आणलेला भात स्वतःच्या वाडग्यात घेऊन बाजूला बसे आणि बाकीच्यांकडे असं बघे, की निम्म्या लोकांचा घास घशात अडके. "उष्टं खाता एकमेकांचं. शी! डुकरं बरी," असं ती यजमानाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायची. गावाला तिच्या तोंडाची सवय झाली होती. पंगतीला तिला बोलवत, पण लांबचं टेबल देत.

त्या बाईचं रक्त जेव्हा बिघडलेलं निघालं तेव्हा गावाला आनंद झाला नसता तरच नवल.

दोन हजार दहा सालच्या वसंतात मोठ्या इस्पितळाची गाडी समुद्रदेवी माझूच्या देवळाच्या पटांगणात येऊन उभी राहिली. गावप्रमुखाने भोंग्यावरून ओरडून ओरडून सगळ्यांना रक्त द्यायला बोलावलं. पंधरा दिवसांनी निकाल आले. चाळिशीच्या पुढच्या दर दोन माणसांत एकाला हेपॅटायटिस सी. अहानलाही. तिचं लिव्हर तीस-पस्तीस वर्षं आतल्या आत सुजत, वण धरत, टणक होत आलेलं.

"माझं नाव चुकून आलंय," ती नर्सला म्हणाली. "मी कुणाच्या भांड्याला तोंड लावत नाही."

"चुकून नाही आलं, मावशी."

"मग तिच्याकडून आलं," असं म्हणून अहानने शेजारच्या रांगेत उभ्या असलेल्या लिएनतीकडे बोट दाखवलं.

लिएनती तिची धाकटी जाऊ. दोघी एकाच अंगणाच्या घरात राहायच्या, एकाच पत्र्याखाली कालवं फोडायच्या, एकाच चुलीवरचं खायच्या. लिएनतीचा नवरा लांबच्या बोटीवर कामाला गेला तो दक्षिणेतल्या कुठल्याशा बंदरात दुसरा संसार मांडून बसला. अहानचा नवरा थिएनसू अकरा वर्षांपूर्वी लिव्हरच्या कॅन्सरने गेला. मुलं शहरात. उरल्या दोघी, आणि दोघींच्या मध्ये एक वाडगा.

त्या वाडग्याची गोष्ट अशी. सोळा वर्षांपूर्वी लिएनती हौसेने रक्तदानाला गेली आणि महिनाभराने तिला पत्र आलं, की तुमच्या रक्तात दोष आहे, पुन्हा देऊ नका. अहानने पत्र दोनदा वाचलं. मग आत जाऊन लिएनतीचा वाडगा उचलला, त्याच्या बुडाला नखं रंगवायच्या लाल रंगाचा टपोरा ठिपका दिला आणि तो वेगळ्या फळीवर पालथा घातला. "हे तू माहेरून आणलेलं आहेस," ती म्हणाली, "ते तुझ्याकडेच ठेव." त्या दिवसापासून लिएनतीचा वाडगा वेगळा, काड्या वेगळ्या, भांडी घासायचा काथ्यासुद्धा वेगळा. पाच वर्षांनी थिएनसू पिवळा होऊन गेला तेव्हा शवपेटीपाशी, अख्ख्या गावासमोर अहान ओरडली होती, "एका घरात घाण ठेवली की हे असं होतं!" घाण कोण ते सांगायची गरज नव्हती. लिएनती पांढऱ्या कपड्यात मान खाली घालून उभी होती. तिने तेव्हाही काही म्हटलं नाही आणि नंतरही नाही. ही बाई मुळात कमी बोलणारी. आणि अहानच्या घरात कमी बोलणाऱ्याला कमीच बोलायची संधी मिळे.

लिएनतीचा निकाल अहानपेक्षा वाईट होता. "अजून वेळ आहे, पण फार नाही," डॉक्टर तिला म्हणाले. "पोटात पाणी धरलं की हे औषध देता येत नाही. त्याआधी सुरू करा." लिएनतीने मान हलवली, कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि घरी येऊन रेडिओ लावला.

अहानने मात्र दुसऱ्याच आठवड्यात इंजेक्शन सुरू केलं. अंगात घाण आहे म्हटल्यावर तिला एक दिवस धीर निघेना.

दर गुरुवारी देवळापुढच्या त्या गाडीत पोटात एक सुई, असे अठ्ठेचाळीस आठवडे, आणि रोज मूठभर गोळ्या. पहिल्या इंजेक्शननंतर संध्याकाळी तिला असं हीव भरलं की दात वाजायला लागले. दुसऱ्या आठवड्यापासून तोंडात गंजलेल्या खिळ्याची चव आली ती जाईना. भाताची वाफ नाकात गेली तरी ओकारी. मासा तळला की ओकारी. ज्या कालवांवर हयात गेली त्या कालवांचं टोपलं समोर आलं की तिला वाटायचं, हे आपण खात होतो? हा शेंबूड? ओला, राखाडी, हलणारा शेंबूड? ती तोंडाला फडकं बांधून फोडायला बसे आणि अर्ध्या टोपल्यात उठून मोरीकडे धावे. केस गळायला लागले. त्वचा खाजायची. राग तर इतका, की एकदा मांजर तिच्याकडे बघतंय म्हणून तिने त्याला चप्पल फेकून मारली.

"कसलं विष टोचतेस गं मला?" तिसऱ्या आठवड्यात तिने नर्सला विचारलं. नर्सचं नाव ओउ. गोल चेहऱ्याची, तिशीची, घाई न करणारी मुलगी.

"विष नाही, मावशी. निरोप आहे."

"निरोप? कुणाचा? यमाचा?"

ओउ हसली. "अंगात विषाणू शिरला ना, की पेशी एकमेकींना निरोप धाडतात, की चोर आलाय, दारं लावा. तुमच्या गावप्रमुखाच्या भोंग्यासारखं. डॉक्टर लोक त्यांना सायटोकाइन म्हणतात. त्यातलाच एक निरोप या सुईत आहे, इंटरफेरॉन. तुमच्या अंगाला जितक्या मोठ्याने ओरडता येत नाही तितक्या मोठ्याने आम्ही बाहेरून ओरडतो. ताप, मळमळ, राग, हे सगळं त्या भोंग्याचं."

"माझ्या अंगाने आपणहून ओरडायला नको होतं का मग?"

"ओरडलं ना. तीस वर्षं ओरडतंय. तेच तर वाईट झालं." ओउने पोटावर कापूस दाबला. "भोंगा एकदा वाजला, चोर पकडला, भोंगा थांबला, तर ठीक. पण चोर घरात लपून राहिला आणि भोंगा रोज, वर्षानुवर्षं वाजत राहिला, तर लोक काय करतील? सापडेल त्यावर काठ्या हाणतील. स्वतःचीच भिंत पाडतील, मग ती लिंपतील, मग परत पाडतील. लिव्हरचं तसंच होतं. त्या लिंपणाचेच ते वण. विषाणूपेक्षा या आरडाओरड्यानेच जास्त नुकसान होतं."

अहानला हे आवडलं नाही. ओरडण्याने नुकसान होतं, हे तिला कुणी तोंडावर सांगितलेलं तिला कधीच आवडलं नव्हतं.

सातव्या गुरुवारी ते झालं.

तोवर प्रत्येक वेळी सुई बघायची किळस म्हणून तिने डोळे मिटून तोंड फिरवलं होतं. त्या दिवशी डोळे उघडे राहिले. ओउने सुई टोचली, काढली आणि तशीच, नव्यासारखी चकचकीत, शेजारच्या पिवळ्या डब्यात टाकून दिली.

"अगं, टाकलीस काय?" अहान उठून बसली. "एवढी चांगली सुई! धुतली असतीस तर अजून वीस जणांना चालली असती."

ओउचा हात थांबला. "धुऊन?"

"मग काय? गरम पाण्यात बुडवायची, स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची. आम्ही तसंच करायचो."

"आम्ही म्हणजे कोण, मावशी?"

बाहेर देवळाच्या पायऱ्यांवर म्हातारे पत्ते खेळत बसले होते. अहानची नजर एकेका म्हाताऱ्यावरून फिरत गेली.

"हा रोग भातातून होत नाही," ओउ हळू म्हणाली. "भांड्यातून, काड्यांतून, उष्ट्यातून होत नाही. हा रक्तातून रक्तात जातो. या किनाऱ्यावरच्या गावांत तो सुईनेच पसरला. एक सुई, सगळं गाव. गावोगाव विचारतो आम्ही, कोण टोचायचं म्हणून. कुणी नाव सांगत नाही."

सांगतील कसे? कोकसिएनचं नाव हायबुएत अजूनही देवाच्या खालोखाल घेतात. नाव नुसतं कोक, पण मान म्हणून सगळे कोकसिएन म्हणत. सैन्यात असताना तो औषधांच्या खोक्यांवर पहारा करायचा, एवढंच त्याचं वैद्यकीय शिक्षण. सुटून आल्यावर ॲल्युमिनियमचा डबा सायकलला बांधून गावोगाव फिरायचा. डबा उघडला की काचेची पिचकारी, तीन सुया आणि लाल-पिवळ्या औषधाच्या कुप्या. गोळी देणाऱ्या डॉक्टरला गावात कुणी डॉक्टर मानत नसे. गोळी पोटात जाते आणि शौचाला निघून जाते. टोचलं की रक्तात जातं, असा हिशोब. कालवांचा हंगाम सुरू झाला की कंबर धरली, टोचा. थकवा आला, टोचा. माहेरी जायचंय, गाल लाल दिसायला हवेत, टोचा. आणि बसायचा कुठे? तर नव्यानेच लग्न होऊन आलेल्या अहानच्या अंगणात. कारण गावात सगळ्यात स्वच्छ घर तिचं.

"तुझ्या हाताला स्वच्छता आहे, पोरी," तो म्हणाला होता. "सुया तू धुवत जा."

वीस वर्षांची अहान त्या वाक्याने केवढी फुगली होती! थर्मासमधलं उकळलेलं पाणी एका वाडग्यात ओतायचं. एका माणसाला टोचून झालं की सुई त्यात दोनदा बुडवायची, बोळ्याने पुसायची, परत द्यायची. सुया उकळून घेऊ का, असं तिने एकदा विचारलंही होतं. तो म्हणाला, सारखी उकळली की टोक बोथट होतं, लोक ओरडतात. मग तिने परत विचारलं नाही. सकाळी अठरा-वीस माणसं. पाणी एकच. ते शेवटपर्यंत स्वच्छ दिसायचं, फार तर किंचित गुलाबी. शेवटी, धुण्याबद्दल, तिला स्वतःला एक फुकट. त्याच्या आधी थिएनसूला. लिएनती लग्न होऊन आल्यावर तिलाही. नवी नवरी घाबरत होती, तेव्हा हात धरायलाही अहानच होती.

जिने दोन माणसांच्या काड्या एका वाडग्यात जाऊ दिल्या नाहीत, तिने वीस माणसांचं रक्त एका वाडग्यात कालवलं होतं. असं आठ वर्षं.

त्या गुरुवारी घरी येताना ती वाटेत तीनदा ओकली. ओउचा भोंगा म्हणावा, तर इंजेक्शनचा त्रास सुरू व्हायला अजून चार तास होते.

पुढचे आठवडे अहान गप्प झाली, आणि ते तिच्या शिव्यांपेक्षा भयंकर होतं. गावाने विचारलं तर "इंजेक्शनचं आहे" म्हणायची. आरशात बघितलं की विरळ केसांतून टाळू दिसे आणि तिला त्या टाळूचीही शिसारी येई. हात धुवायची आणि धुतलेल्या हातांकडे बघत बसायची. मनातल्या मनात ती स्वतःला समजावू लागली, की कोकसिएन मेला, थिएनसू मेला, आता उकरून काय मिळणार? आपलं झाकून ठेवावं आणि दुसऱ्याचं वाकून बघावं, हेच तर गावाने आणि तिने जन्मभर केलेलं.

पण लिएनतीचे घोटे सुजायला लागले होते.

रोज सकाळी लिएनती पत्र्याखाली स्टुलावर बसे, तेव्हा तिच्या रबरी बुटाचा काठ पोटरीत रुतलेला अहानला दिसे. आणि शेजारी तो रेडिओ. त्यातला, आवाजातून मध गाळणारा माणूस: "माझ्या लाडक्या मावश्यांनो, तुमचं लिव्हर रडतंय, ते तुम्हाला ऐकू येत नाही, मला येतं..." मग गाणं, मग काळ्या गोळ्यांची जाहिरात. लिएनतीने त्या गोळ्यांच्या सहा बाटल्या संपवल्या होत्या. एक गोळी अहानने पाण्यात टाकून पाहिली, तर गटारासारखा वास आला.

"बंद कर त्या मेल्याला," अहान एकदा न राहवून म्हणाली. "तुझं लिव्हर त्याला ऐकू येतं म्हणे! आधी त्याच्या आईचं ऐकलं असतं तर गटारातलं विकायला बसला नसता. गुरुवारी चल माझ्याबरोबर. सुई घे."

लिएनतीने सुरीने शिंप उघडली, कालव टोपलीत टाकलं. "तुमच्यासारखं व्हायला?"

"माझे केस येतील परत. नर्स म्हणाली."

"येऊ देत." पुढची शिंप. "मी नाही घेणार, जाऊबाई."

"का? सुईला घाबरतेस या वयात?"

लिएनतीने भरलेली टोपली बाजूला सारली. मग लिएनती म्हणाली, "माझ्यामुळे भाऊजी गेले. तुम्हीच म्हणालात तसं. आता तुम्हालाही माझ्यामुळेच लागलं. मी माहेरून आणलं ते. मी बरी होऊन काय करू? जे आणलं ते माझ्याबरोबर जाऊ दे. तुम्ही बऱ्या व्हा."

अहानच्या हातातली सुरी घसरली आणि अंगठा कापला. लिएनती सवयीने फडकं घेऊन उठली, आणि मग सवयीनेच चार पावलांवर थांबली. सोळा वर्षांत तिला शिकवलंच होतं तसं, की माझ्या वस्तूला हात लावायचा नाही. तिने फडकं टोपलीच्या काठावर ठेवलं आणि मागे सरकली.

ते बघून अहानला जी किळस आली तिला काही तोड नव्हती. शेंबडाची नाही, माश्यांची नाही, रेडिओतल्या त्या मेल्याचीही नाही. हे आपण केलंय, या बाईला आपण असं वळण लावलंय, याची.

त्याच गुरुवारी ओउने सांगितलं, की महिनाअखेरीस गाडी बंद होणार, मग ज्याला घ्यायचं त्याने शहरात यायचं. "तुमच्या जाऊबाईंना आणा हो. मी त्यांचे पाय पाहिले देवळात. दोन-तीन महिन्यांनी आणलंत तर मला नाही म्हणावं लागेल."

अहानने अजून चार दिवस घालवले. सोमवारी सगळं सांगायचं ठरवलं आणि सोमवारीच पाय मागे घेतला. मंगळवारी पहाटेची ओहोटी चांगली होती, कालवांची आठ टोपली आली होती, आणि तिसऱ्या टोपल्यावर असताना तिने तोंडावरचं फडकं काढलं.

"रेडिओ बंद कर."

"बातम्या आहेत."

"बंद कर, लिएनती."

लिएनतीने बंद केला.

"तू नाही आणलंस ते," अहान म्हणाली. "मी दिलं तुला. माझ्या हाताने."

लिएनती शिंप फोडत राहिली.

"कोकसिएन आपल्या अंगणात बसायचा. सुया कोण धुवायचं? मी. तू लग्न होऊन आलीस त्या साली पहिल्यांदा टोचलं तेव्हा तुझा हात कुणी धरला? मी. तुझ्या आधी मागच्या आळीतला तो मासे सुकवणारा म्हातारा होता, ज्याचे डोळे हळदीसारखे होते. त्याचीच सुई. मी धुतली आणि तीच तुला दिली. थिएनसूलाही मीच दिली. हा रोग भांड्यातून होत नाही. रक्तातून होतो. मला नर्सने सांगितलं, सातव्या आठवड्यात. सात आठवडे गप्प बसले मी. आता चौदावा चाललाय."

बोलून झालं. इतकं सरळ, एकही शिवी न घालता अहान कधी बोलली नव्हती. तिने वर पाहिलं. लिएनतीचा चेहरा नेहमीसारखाच होता. तिने हातातलं टोपलं संपवलं, शिंपा ढिगावर फेकल्या, दुसरं टोपलं ओढलं.

"पाणी बदलत नव्हतात?" तिने विचारलं.

"नाही."

"का?"

"थर्मास पुरायला हवा होता." अहानने ओठ पुसले. "आणि ते स्वच्छ दिसायचं."

"माझ्या पोराने लहानपणी माझ्या वाडग्यातलं खाल्लं म्हणून तुम्ही त्याला थोबाडीत मारली होतीत. नवव्या वर्षी."

"हो."

"आणि भाऊजींच्या पेटीपाशी."

"हो."

लिएनतीने सुरी पाण्यात विसळली. उठली. एप्रन काढला, खिळ्याला लावला, आणि पाच टोपली तशीच सोडून आत निघून गेली. तेहतीस वर्षांत ही बाई काम अर्धं टाकून कधी उठली नव्हती. अहानने ती पाच टोपली एकटीने फोडली. मध्ये दोनदा ओकून आली.

बुधवारी दोघी वेगवेगळ्या वेळी जेवल्या. रेडिओ दिवसभर लागला नाही.

गुरुवारी अहान देवळापाशी पोचली तेव्हा रांगेत तिच्या पुढे तीन माणसं सोडून लिएनती उभी होती. अंगात सणाचा जांभळा ब्लाऊज, काखेत कागदांची पिशवी. तिने मागे वळून पाहिलं नाही. गाडीत गेल्यावर तिचा आवाज पडद्यातून स्पष्ट ऐकू येत होता. "पुडी माझ्यासमोर फोडा." मग ओउ काहीतरी म्हणाली. मग परत लिएनती, "नाही, मला दाखवा. आता टाका डब्यात. पडली? बरं." पायऱ्यांवरच्या म्हाताऱ्यांनी पत्ते खाली ठेवले. बाहेर आल्यावर लिएनती त्यांच्यासमोर थांबली आणि गावाने तिच्याकडून कधी ऐकला नव्हता इतक्या मोठ्या आवाजात म्हणाली, "नर्सबाई विचारत होत्या, गावात कोण टोचायचं. मी सांगितलं. कोकसिएन. तुम्हालाही विचारतील. खोटं बोलू नका."

एका म्हाताऱ्याने अहानकडे पाहिलं. तिने मान खाली घातली नाही, पण वर ठेवायलाही तिला कष्ट पडले.

संध्याकाळी लिएनतीला हीव भरलं. अहानने तिच्या अंगावर दुसरी गोधडी टाकली, ती तिने लाथेने बाजूला केली, आणि थोड्या वेळाने दात वाजायला लागल्यावर परत ओढून घेतली. अंधार पडायच्या आत ती उठली आणि भिंत धरत स्वयंपाकघरात गेली. "तू पड, मी वाढते," अहान म्हणाली. लिएनतीने ऐकलं नाही. पेज तिनेच वाढली.

टेबलावर दोन वाडगे होते. लिएनतीच्या समोरचा निळ्या फुलांचा, सगळ्यांच्या वाडग्यांच्या फळीवरचा. दुसरा अहानचा, रोजचाच पांढरा. तिने उचलला तेव्हा बोटाला बुडाशी काहीतरी चिकट लागलं. तिने वाडगा उंच धरून बूड बघितलं. नखांच्या रंगाचा लाल ठिपका. अजून ओला होता, वासासकट.

"भांड्यातून होत नाही," लिएनती तिच्याकडे न बघता म्हणाली. "मला माहीत आहे. मलाही सांगितलं नर्सबाईंनी."

"मग?"

"मी सोळा वर्षं जेवले असल्या वाडग्यात." तिच्या हातातला चमचा हिवाने वाडग्यावर वाजत होता. "तुम्हालाही सोळा जेवायचीत. तेव्हा एकही इंजेक्शन चुकवायचं नाही. केस जाऊ देत, नाही तर आतडी बाहेर येऊ देत. मधेच मेलात तर मी सोडणार नाही तुम्हाला."

रंगाचा उग्र वास पेजेच्या वाफेत मिसळून अहानच्या नाकात गेला आणि पोटातून सगळं वर आलं. तिने डोळे मिटले, गिळलं, परत एक चमचा घेतला. वाडगा रिकामा व्हायला बराच वेळ लागला. मग तिने तो वेगळ्या काथ्याने घासला, धुतला आणि वेगळ्या फळीवर, ठिपका वर येईल असा पालथा घातला.